दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख

सोमवार, 1 जुलै 2024. नागपूर

काटोलकडचा मुलगा आज ओपीडीत आला. वय तेवीस. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. मार्चमध्ये दुचाकीवरून पडला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मेंदूला इतकी सूज आली की त्याच रात्री कवटीचं उजव्या बाजूचं हाड काढून त्या सुजेला जागा करून द्यावी लागली. जीव वाचला. आता चालतो, बोलतो. डावा हात मात्र बारीक कामाला अजून तयार नाही.

सोबत आई होती. त्याच्या डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा तिनेच सोडला. "मॅडम, हा घराच्या बाहेर निंगत नाही. लोकं पाह्यतात जी." आणि लगेच दुसरा प्रश्न, "पण याले दाताच्या दवाखान्यात कायले पाठवलं?" हा प्रश्न बहुतेक सगळेच विचारतात आणि तो रास्तच आहे. मी दातांची डॉक्टर, कवळ्या करणं हा माझा मूळ विषय. ज्या अ‍ॅक्रिलिकची कवळी होते त्याचाच कवटीचा तुकडाही होतो, आणि ते घडवायची भट्टी, साचे आणि हात आमच्या लॅबमध्ये आहेत, एवढं तिला सांगितलं. पटलं असावं.

त्याच्या कवटीतल्या भोकाची कड बोटांनी चाचपली. पुढे भुवईच्या वर दोन बोटांवर सुरू होते, मागे कानाच्या मागून वर जाते, खाली कानशिलाच्या स्नायूत हरवते. बसल्यावर तिथे खळगा दिसतो. आडवं केलं की भरून येतो, त्वचेखाली नाडी लागते. आईला हे मुद्दाम दाखवलं. घरी खळगा कमी-जास्त दिसला की ती घाबरून रात्रभर जागत असे.

काढलेलं हाड धड असेल तर ते जपतात: उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये, नाहीतर पेशंटच्याच पोटाच्या त्वचेखाली. पोटात ठेवण्याची रीत आपल्याकडे खूप रुळली आहे, कारण तिला वीज लागत नाही. स्वतःचं हाड बसवण्यासारखं दुसरं काही नाही. या मुलाच्या हाडाचे मात्र तुकडे झाले होते, ते ठेवण्यासारखं राहिलंच नव्हतं.

सीडी लावून पाहिली. सीटीच्या चकत्या पाच-पाच मिलिमीटरच्या. रक्तस्राव बघायला तेवढं पुरतं. त्यावरून मॉडेल केलं तर कवटीला पायऱ्या पडतात. एक मिलिमीटरच्या चकत्या हव्यात आणि यंत्राचा झुकाव शून्य. जुना कच्चा डेटा यंत्रात उरलेला नाही, म्हणजे पुन्हा सीटी, पुन्हा एक खेप. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

गुरुवार, 4 जुलै

नवी सीडी आली. संध्याकाळी संगणकावर बसले.

सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड काहीशेच्या वर. एका आकड्याची रेघ ओढायची; त्याच्या वरचं ते हाड, खालचं बाकी सगळं. रेघ फार वर ओढली तर कानशिलाचं पातळ हाड गळून पडतं आणि नसलेली भोकं दिसू लागतात. फार खाली ओढली तर कडेचे नवे, अर्धवट कठीण झालेले तंतू हाड म्हणून शिरतात आणि कड खोटी जाड होते. ही कडच पुढच्या सगळ्या कामाचा पाया, म्हणून ती मी एकेक चकती बघून हाताने दुरुस्त करते. विद्यार्थ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. मला त्यांना एवढंच दाखवता येतं की कडेला मिलिमीटरभर इकडचं तिकडे झालं तर थिएटरमध्ये भूल दिलेल्या पेशंटसमोर सर्जनला तुकडा घासत बसावं लागतं.

मग डावी बाजू आरशातल्यासारखी उलटवून उजवीकडे ठेवली. तिथे ती बसत नाही, कधीच तंतोतंत बसत नाही. माणसाची कवटी दोन्हीकडे सारखी नसते. या मुलाची मागची डावी बाजू जरा चपटी आहे, बहुधा तान्हेपणी एकाच कुशीवर झोपल्यामुळे. उलटवलेली प्रत मागे बुडते आणि कपाळाशी वर येते. तिला थोडं फिरवलं, कपाळाशी जुळवलं, मागे मोकळं सोडलं. कपाळ लोकांना दिसतं, मागचा भाग केसांत जातो. तडजोड करायचीच तर मागे करावी.

कवटीचा तेवढाच भाग आणि भोवतीची दोन-तीन सेंटिमीटर धड कड प्रिंटरला लावली. उद्या रात्रीपर्यंत छपाई चालेल.

सोमवार, 8 जुलै

दिवसभर मेण.

लॅबमधले काका सकाळीच बर्नर पेटवून बसले होते. संगणकावर तुकड्याचा आकार पूर्ण करून थेट तोच छापता येतो आणि पुष्कळ ठिकाणी तसंच करतात. आम्ही छापलेल्या कवटीवर मेणाच्या पट्ट्या मऊ करून हाताने बसवतो. उलटवलेल्या बाजूचं मॉडेल शेजारी असतं, त्याच्याशी ताडून बघतो. जाडी साडेतीन-चार मिलिमीटर, कॅलिपरने जागोजागी मोजलेली. कड बाहेरून आत उतरती ठेवायची. रांजणाच्या तोंडावर झाकण जसं आत न पडता टेकतं, तसा तुकडा हाडावर टेकला पाहिजे. मेंदूकडे त्याचा भार जाता कामा नये.

काकांनी कवळ्यांमध्ये तीस-पस्तीस वर्षं घालवली आहेत. मॉडेल डोळ्यांच्या पातळीला धरून ते हळूहळू फिरवतात आणि प्रकाश कुठे अडतो ते बघतात. आज कानशिलाशी थांबले. "मॅडम, इथे भरू का थोडं?"

प्रश्न बरोबर जागेवरचा होता. कानशिलाचा स्नायू पहिल्या शस्त्रक्रियेत उलटवला जातो, नंतर आक्रसतो. हाड हुबेहूब पूर्वीसारखं बसवलं तरी तिथे खड्डा राहतो, आणि पेशंटला वाटतं काम बिघडलं. म्हणून तिथे मेण वाढवायचं. पण जास्त वाढवलं तर त्याच स्नायूला परत बसायला जागा उरत नाही, त्वचा ताणली जाते, आणि ताणलेल्या त्वचेचा टाका उसवतो. किती भरायचं हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं नाही. सर्जनना फोन केला. ते म्हणाले, स्नायू बराच पातळ झालाय, दोन मिलिमीटर भरा, पुढे नको. तेवढंच भरलं.

माझ्या शिक्षकांच्या वेळी मॉडेल छापणं नव्हतं. पेशंटचं डोकं भादरून, खळग्याची कड बोटांनी शोधून त्यावर न पुसणाऱ्या पेन्सिलीने रेघ ओढायची आणि सगळ्या डोक्याचं अल्जिनेटमध्ये माप घ्यायचं. ती रेघ मापात उमटायची, मापातून प्लास्टरवर. मग त्वचेच्या जाडीचा अंदाज वजा करायचा. त्या अंदाजावर कित्येकांची डोकी नीट झाली. आजही संगणकाआधी मी बोटं लावते, कारण बोटांना त्वचेची जाडी, व्रणाची ओढ आणि दुखरी जागा कळते, सीटीला ती कळत नाही.

रविवार, 14 जुलै

घरी. पावसामुळे कुठे जायचं नव्हतं, वर्गासाठी टिपणं काढली.

कवटीची भोकं बुजवण्याची धडपड फार जुनी. काश्मीरच्या बुर्झहोम इथे नवाश्मयुगीन माणसाची कवटी सापडली आहे, तिच्यावर जागोजागी छिद्रं पाडलेली. ते भोक पाडणं, बुजवणं त्यापुढचं. 1668 मध्ये छापलेल्या व्हान मीकेरेन या डच सर्जनच्या ग्रंथात एका रशियन सरदाराची हकीकत आहे: तलवारीने फुटलेल्या कवटीत कुत्र्याचं हाड बसवलं, जखम भरली, पण चर्चने त्याला बहिष्कृत केलं. कुत्र्याचं हाड काढून घ्या म्हणून तो परत आला, तोवर ते पक्कं बसलेलं. बरा झालेला माणूस समाजात परतू शकला नाही, ही गोष्ट मला हाड बसण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

विद्यार्थ्यांना सांगायला मला जास्त आवडतो तो अ‍ॅक्रिलिकचा प्रवास. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे पीएमएमए, 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात कवळ्यांसाठी आलं आणि लवकरच रबराच्या कवळ्या मागे पडल्या. 1940 पासून ते कवटीतही वापरलं जाऊ लागलं. महायुद्धात विमानांचे पारदर्शक घुमट याच पदार्थाचे. घुमट फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत कपच्या गेल्या, आणि हॅरोल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं की डोळा त्या कपच्या मुकाट सहन करतो. 1949 मध्ये त्यांनी लंडनमध्ये डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, ते याच पदार्थाचं. पुढे जॉन चार्न्ली यांनी खुब्याचे सांधे पक्के करायला सिमेंट वापरलं, तेही दातांच्या अ‍ॅक्रिलिकमधून आलेलं. आज मोतीबिंदू काढलेली आजी आणि खुबा बदललेले आजोबा, दोघांच्या शरीरात एकाच कुळातला पदार्थ आहे, आणि लवकरच काटोलच्या या मुलाच्याही असेल.

मंगळवार, 16 जुलै

आज पॅकिंग.

कवळीच्या साच्यात कवटीचा तुकडा मावत नाही, म्हणून आमचा मोठा साचा, ज्याला आम्ही फ्लास्क म्हणतो, तो एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून बनवून घेतलेला आहे. मेणाचा तुकडा डेंटल स्टोनमध्ये पुरला, स्टोन घट्ट झाल्यावर उकळत्या पाण्याने मेण धुऊन काढलं. उरली ती पोकळी. तिला आतून सोडियम अल्जिनेटचा लेप.

पावडर तीन भाग, द्रव एक भाग. रंग अजिबात नाही. कवळी गुलाबी असते, हा तुकडा काचेसारखा पारदर्शक. त्यामुळे आत बुडबुडा राहिला तर दिसतो, आणि सर्जनला बसवताना खालचं मेंदूचं आवरण दिसतं. मिश्रण बरणीच्या बाजू सोडायला लागलं की भरायचं, वर प्लास्टिकचा कागद, प्रेस, उघडून जादा काढायचं, पुन्हा प्रेस.

मग पाण्याच्या भट्टीत 74 अंशांवर आठ तास, नंतर तासभर उकळी, आणि रात्रभर आपोआप थंड. यात घाई करून चालतच नाही. त्या द्रवाचा उत्कलनबिंदू शंभर अंशांच्या किंचित वर आहे आणि घट्ट होताना मिश्रण स्वतःही उष्णता सोडतं. एकदम तापवलं तर आतला द्रव उकळतो, तुकड्यात छिद्रं राहतात आणि छिद्रांत जंतू. थिएटरमध्येच हाडाचं सिमेंट मिसळून डोक्यावर थापण्याची रीतही आहे. ती जलद आणि स्वस्त. पण ते मेंदूशेजारी तापतं, न जुळलेला द्रव पेशींत झिरपतो, आणि आकार सर्जनच्या त्या काही मिनिटांच्या हातावर. छोट्या भोकाला ठीक. तळहाताएवढ्या भोकाला भट्टीत शांतपणे शिजलेला तुकडा बरा, असं माझं ठाम मत आहे.

टायटॅनियम आणि पीक नावाचं प्लास्टिक हे दोन पर्याय नातेवाईक इंटरनेटवर वाचून येतात. दोन्ही चांगले. टायटॅनियम बळकट, पण उष्णता वाहून नेतं. विदर्भाच्या मे महिन्यात काहींना ते डोक्यावर जाणवतं. पीक हे प्लास्टिक हाडाच्या जवळ जाणारं, 343 अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे वाफेनेही निर्जंतुक करता येतं. आमच्या अ‍ॅक्रिलिकला तो ताप सोसत नाही, त्याला गॅस लागतो. पण पीकचा बेतून केलेला तुकडा लाखांत जातो. आमच्या तुकड्याला लागणाऱ्या मालाचा खर्च काही हजार. तो बसवायच्या टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रूच त्याहून महाग पडतात.

शुक्रवार, 19 जुलै

वर्ध्याकडच्या एक बाई. पन्नाशीच्या. पक्षाघातात मेंदूचा मोठा भाग सुजला, डाव्या बाजूचं हाड काढलं, त्याला आता वर्ष व्हायला आलं. त्यांचं हाड पोटात ठेवलं होतं, पण तिथे जंतुसंसर्ग होऊन काढून टाकावं लागलं.

मुलगा सांगत होता, घरी आल्यावर दोन महिने आई सुधारत होती. उजवा हात उचलायची, "चहा", "पाणी" म्हणायची. मग हळूहळू बोलणं मागे गेलं. बसवलं की चक्कर, डोकेदुखी. झोपवलं की बरं. डावी बाजू इतकी आत गेली आहे की त्वचेखाली कड सुरीसारखी उभी दिसते.

याचं वर्णन ग्रँट आणि नॉरक्रॉस यांनी 1939 मध्येच केलं आहे. हाड नसल्यावर बाहेरच्या हवेचा दाब थेट त्वचेवर, त्वचेतून मेंदूवर. खालचा रक्तपुरवठा आणि मेंदूभोवतीच्या पाण्याचं वाहणं दोन्ही बिघडतं. उभं राहिलं की त्रास वाढतो, आडवं झालं की घटतो. हाड बसवल्यावर काही पेशंट काही दिवसांतच सुधारलेले मी पाहिले आहेत. सगळे नाही. पण हात वर उचलणारी, नाव सांगणारी माणसं पाहिली आहेत.

आणि या बाईंच्या कागदांवर कुणीतरी लिहून ठेवलंय: "कॉस्मेटिक, नंतर पाहू."

मला हा शब्द या कामाच्या जवळपासही नको आहे. पहिल्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी उघडलेलं दार दुसऱ्या शस्त्रक्रियेत बंद होतं, तेव्हा ते उपचार पूर्ण होतात. मधल्या काळात मेंदू आणि जग यांच्यात फक्त त्वचा आणि एक आवरण असतं. वॉर्डात पट्टीवर मार्करने "नो बोन" लिहितात, म्हणजे कुशीवर वळवताना कुणी तिथे हात देऊ नये. घरी गेल्यावर ती पट्टी सुटते आणि इशारा जातो. नातवाने खेळताना हात मारला तर? बाथरूममध्ये तोल गेला तर? दिसण्याचं म्हणाल तर तेही मला कमी वाटत नाही. घरातून न निघणारा तेवीस वर्षांचा मुलगा काम कसं शोधणार?

माप आजच घेतलं. त्यांचा तुकडा रांगेत पुढे घेतला.

बुधवार, 24 जुलै

यवतमाळचा ड्रायव्हर, दोन्ही बाजूंचं कपाळाचं हाड काढलेला. इथे आरसा उपयोगी नाही, उलटवायला धड बाजूच नाही.

दुसऱ्या कवट्यांच्या साठ्यातून जवळचा आकार निवडून तो ताणून बसवता येतो, आणि सुरुवात मी तशीच केली. पण कपाळ म्हणजे माणसाचा चेहराच. बायकोला म्हटलं, अपघाताआधीचे फोटो आणा, बाजूने काढलेले असतील तर फार बरं. तिने लग्नाचा अल्बमच आणला. एका फोटोत तो घोड्यावर बसलेला, मुंडावळ्या बांधलेल्या, नेमका बाजूने. भुवईच्या वर हाडाचा उंचवटा ठळक, मग कपाळ सरळ मागे गेलेलं. मी घेतलेला आकार जास्त गोल होता. मेण खरवडलं. बायको बाजूला उभी राहून सांगत होती, "अजून थोडं मागं. हां, असंच होतं." घडवताना घरचं माणूस शेजारी असण्याचा एवढा फायदा कधी झाला नव्हता.

एक अडचण मोठी. कपाळाच्या हाडात हवेची पोकळी असते, नाकाशी जोडलेली. ती उघडी राहिली तर नाकातले जंतू थेट तुकड्याला लागतात, आणि परकी वस्तू एकदा सडली की काढावीच लागते. आधी ती पोकळी बंद, मग आमचा तुकडा. सर्जननी मान्य केलं. त्यामुळे दोन महिने तरी पुढे गेलं, पण इथे थांबणंच योग्य.

शुक्रवार, 2 ऑगस्ट

काटोलच्या मुलाचा तुकडा तयार. घासला, प्युमिसने चकचकीत केला, पाण्यात ठेवून उरलासुरला द्रव निघू दिला. छोटी छिद्रं पाडली: खाली साचणारं पाणी निघायला, आणि मधोमध दोन, आवरणाला टाका घालून वर ओढून धरायला, म्हणजे मध्ये रिकामी जागा राहून रक्त साचत नाही. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. आज गॅस निर्जंतुकीकरणाला पाठवला. पाकिटावर पेशंटचं नाव, बाजू, आणि "कस्टम मेड डिव्हाइस". एकाच माणसासाठी, डॉक्टरच्या लेखी सूचनेवरून केलेली वस्तू म्हणून नियमाने ते लिहावं लागतं.

शस्त्रक्रियेची तारीख 14 ऑगस्ट मिळाली. आईला फोन केला. मागून मुलाचा आवाज आला, "केस किती कापतील विचार."

बुधवार, 14 ऑगस्ट

शस्त्रक्रिया झाली नाही. कोलकात्यात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर कालपासून राज्यभर निवासी डॉक्टरांचा संप आहे. तातडीचे उपचार सुरू, नियोजित शस्त्रक्रिया बंद.

मुलं फाटकाशी फलक घेऊन बसली आहेत. त्यांत माझ्या विद्यार्थिनी आहेत. रात्रपाळीत एकट्या लॅबकडे येणाऱ्या मुलींना मी रोज बघते, त्यांचा राग माझाही आहे. मी त्यांच्यात जाऊन बसले.

आणि वॉर्डाच्या व्हरांड्यात काटोलची माय डबा घेऊन बसली होती. तिलाही जाऊन सांगितलं. तिने विचारलं, "ज्या पोरीले मारलं, तिची माय हाये का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग आमचं होऊ द्या मागून."

"नियोजित" या खान्यात काय काय बसतं ते आज यादी पाहून पुन्हा कळलं. हर्निया, पित्ताशय, आणि डोक्याला हाड नसलेली माणसं, सगळी एकाच रकान्यात. यादी पुन्हा सुरू होईल तेव्हा निदान हा क्रम तरी बदलायला हवा.

मंगळवार, 20 ऑगस्ट

रिकामा वेळ मिळाला म्हणून जुनी डिस्चार्ज कार्डं चाळली. पेशंट आमच्याकडे येताना जी आणतात, त्यांच्या प्रती फायलीत असतात.

निदान लिहिलेलं आहे, शस्त्रक्रियेचं नाव आहे, झटक्यांची गोळी आहे, "न्यूरो ओपीडीत दाखवणे" आहे. हाड काढलेलं आहे, ते कुठे ठेवलं आहे आणि परत कधी बसवायचं आहे, हे बहुतेक कार्डांवर नाही. असलंच तर इंग्रजी संक्षेपात. वर्ध्याच्या बाईंच्या मुलाला सहा महिन्यांपर्यंत माहीतच नव्हतं की हे हाड परत बसवायचं असतं. त्याला वाटलं आई आता अशीच राहणार.

साधारणपणे तीन महिन्यांच्या आसपास बसवतात. त्याआधी करावं का यावर मतभेद आहेत. सूज उतरलेली हवी, जखम कोरडी हवी, संसर्ग नको. पण एक वर्ष, दीड वर्ष हे कुठल्याच पुस्तकात नाही. ते गरिबीतून, न सांगण्यातून आणि यादीतल्या जागेतून येतं.

पहिल्या शस्त्रक्रियेबद्दल आता चांगले आकडे आहेत. 2016 च्या रेस्क्यू-आयसीपी चाचणीत डोक्याला मार लागून कवटीतला दाब आटोक्यात न येणाऱ्या पेशंटपैकी हाड काढलेल्यांत सहा महिन्यांत 26.9 टक्के दगावले, औषधोपचाराच्या गटात 48.9 टक्के. म्हणजे हाड काढल्याने माणसं वाचतात, आणि त्यांतली बरीच अपंगत्वासह जगतात, हेही त्याच चाचणीने दाखवलं. देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, सर्वांत जास्त दुचाकीवरची. जी वाचली त्यांतल्या किती जणांच्या डोक्यावर हाड नाही, ते कुणी मोजत असेल असं वाटत नाही. मोजलं पाहिजे.

एक शिक्का बनवायचा मनात आहे. मराठीत. "कवटीचे हाड काढलेले आहे. हाड ठेवल्याची जागा: ____. परत बसवण्यासाठी ____ रोजी यावे. तोपर्यंत डोक्यावर कडक टोपी वापरावी." सर्जनना दाखवीन.

गुरुवार, 29 ऑगस्ट

झाली. निवासी डॉक्टर कामावर परतले, आणि यादीत काटोलचा मुलगा पहिला. सर्जननी स्वतः वर घेतला.

मीही हात धुऊन आत उभी होते. जुन्याच व्रणावरून त्वचा उलटवली. स्नायू आवरणापासून सोडवायला सर्वांत जास्त वेळ लागला. तो तिथे चिकटलेला असतो आणि आवरण फाटलं तर पाणी गळतं. हाडाची कड चहूबाजूंनी मोकळी झाली तेव्हा पाकीट उघडलं.

पहिल्यांदा ठेवला तेव्हा मागच्या कोपऱ्यात अडला. तिथे हाडाची नवी कोवळी कड वाढली होती. जुलैच्या सीटीनंतरच्या आठवड्यांत वाढलेली. सर्जननी ती ड्रिलच्या बरने थोडी घासली. दुसऱ्यांदा ठेवला आणि तो बसला. बोट फिरवलं: कपाळाशी पायरी नाही, वर नाही, मागे केसभर. पारदर्शक तुकड्यातून खालचं आवरण नाडीबरोबर हलताना दिसत होतं. मधल्या छिद्रांतून टाके, कडेला पट्ट्या, स्क्रू, स्नायू वर ओढून तुकड्याला बांधला, नळी, त्वचा.

भुलेचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, कानशील बघा." दोन मिलिमीटर. काकांना फोन करून सांगितलं.

सोमवार, 2 सप्टेंबर. पोळा

वॉर्ड अर्धा रिकामा, नातेवाईक बैलांसाठी गावाला गेलेत. काटोलची माय इथेच. तपासणीच्या सीटीत रक्त साचलेलं नाही, तुकडा जागेवर. मुलाने मला मोबाईलचं मागचं झाकण डाव्या हाताने काढून दाखवलं. ही हाडाची किमया की फिजिओथेरपीची, एवढ्यात सांगता येणार नाही, आणि मी तसं त्याला म्हटलंही. आरसा मागितला होता म्हणे, सिस्टरनी दिला. पट्टी असताना काय दिसणार! पण बघितलं.

वर्ध्याच्या बाईंना 9 तारीख दिली आहे.

बुधवार, 11 सप्टेंबर

शिक्का आला. लाकडी मूठ, निळी शाई. "कडक टोपी"वर एका सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती, टोपी पेशंटला कोण देणार म्हणून. हरकत खरी आहे. त्यावर रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांशी बोलायचं आहे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी खाटा राखीव असतात, तिथल्या निधीतून काही होतं का तेही बघायचं. ओळ मात्र शिक्क्यावर ठेवली.

वर्ध्याच्या बाईंची शस्त्रक्रिया परवा झाली. आज बसवल्यावर चक्कर आली नाही. बोलणं अजून नाही. थांबायचं.

दुपारी वॉर्डाच्या परवानगीने शस्त्रक्रियेचं रजिस्टर घेऊन बसले. ज्यांचं हाड काढलं आणि ज्यांच्या नावापुढे परत बसवल्याची नोंद नाही, त्यांना एकेक फोन. काही नंबर बंद. एका घरी पेशंट वारल्याचं कळलं. बोलणाऱ्या भावाला मी काय सांगणार होते, ते सांगायची वेळच आली नाही, फक्त ऐकून घेतलं. एकाने दुसरीकडे बसवून घेतलंय, ठीक आहे. गोंदियाच्या एका बापाने विचारलं, "म्हणजे ते बसते परत?" त्याच्या मुलीला पंधरा महिने झाले आहेत, शाळा सुटली आहे. हाड पोटात ठेवलेलं आहे. इतक्या दिवसांत ते किती विरघळलंय, हे आधी बघावं लागेल. वय लहान असलं की जास्त विरघळतं.

गुरुवारी, 19 तारखेला बोलावलं आहे. जुने सगळे कागद आणा, म्हटलं, आणि सीटी इथेच करू, एक मिलिमीटरची.